निकालपत्रात न मावणारी शर्यत

कापसाची वेचणी आटोपत आली आणि तूर खळ्यावर आली की यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांतून शंकरपटाची बोलणी सुरू होतात. हलका छकडा, मोकाट सुटलेली बैलजोडी आणि धुरेवर एकटा धुरकरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींना मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. पटाच्या मैदानावरील एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. जोडी किती सेकंदांत आली एवढे ऐकून तेथील जाणता प्रेक्षक समाधान मानीत नाही. जोडी कोणाची, गोऱ्हे कोणत्या बाजारातून आणले, त्यांना चारले काय, हाकायला कोणी शिकविले, छकडा कोणत्या सुताराने बांधला, हे सारे तो विचारतो. सेकंदांचा आकडा त्याच्या लेखी चौकशीचा शेवट नसतो. चौकशी खरी तेथून सुरू होते.

मोटारींच्या शर्यतींविषयी मात्र हीच चौकस बुद्धी कोठे तरी हरवते. पहिला अमुक, दुसरा तमुक, अंतर इतक्या सेकंदांचे, अशी चार ओळींची चौकट वर्तमानपत्रात येते आणि वाचक पुढच्या मजकुराकडे वळतो. वस्तुतः एकासनी मोटारींची शर्यत ही आधुनिक जगातील यंत्रविद्या, भांडवल आणि मनुष्यबळ यांची एक मोठी कसोटी आहे. गाडीत जागा एकाच माणसापुरती असते, परंतु त्या एका माणसाला आरंभरेषेवर आणून उभे करण्यामागे शेकडो हात आणि अनेक वर्षांची पूर्वतयारी असते. तिचा निकाल पटावरच्या जाणत्याप्रमाणे वाचला, तर त्यातून यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यालाही काही शिकण्यासारखे आहे.

साखीरचा रविवार

यासाठी ६ डिसेंबर २०२० या दिवसाचे उदाहरण पुरेसे आहे. बहरीन देशातील साखीर येथे त्या रविवारी दोन शर्यती झाल्या. पहिली ‘फॉर्म्युला टू’ या दुसऱ्या श्रेणीची आणि दुसरी ‘फॉर्म्युला वन’ या सर्वोच्च श्रेणीची. नेहमीच्या मार्गाऐवजी बाहेरचा आखूड, साडेतीन किलोमीटरचा मार्ग त्या आठवड्यात निवडला होता. त्यावर फॉर्म्युला वनची गाडी एक फेरी चौपन्न सेकंदांच्या आत पुरी करीत होती.

दुसऱ्या श्रेणीच्या शर्यतीत मुंबईचा जेहान दारूवाला पहिला आला. आरंभरेषेवर त्याचे स्थान दुसरे होते. पुढे असलेल्या डॅन टिकटमला मागे टाकून त्याने विजय मिळविला. जपानचा युकी त्सुनोडा दुसरा आणि इंग्लंडचा टिकटम तिसरा आला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा दारूवाला हा पहिला भारतीय. त्या दिवशी साखीरच्या विजयमंचावर भारताचे राष्ट्रगीत वाजले. १९९८ साली जन्मलेल्या या तरुणाचे वय तेव्हा बावीस होते.

फॉर्म्युला टूमध्ये सर्व संघांना सारखीच गाडी दिली जाते. सांगाडा इटलीतील दल्लारा कंपनीचा, इंजिन फ्रान्समधील मेकाक्रोम कंपनीचे आणि टायर पिरेलीचे. हेतू हा की गाडीचा फरक पुसला जावा आणि चालकाचा कस तेवढा दिसावा. परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देण्यासारखी ही व्यवस्था आहे. तेव्हा अशा परीक्षेत जो पहिला आला त्याला वरच्या वर्गात प्रवेश मिळेल, अशी कोणाही शिक्षकाची स्वाभाविक अपेक्षा असणार.

प्रत्यक्षात घडले ते निराळे. त्या शर्यतीत दुसरा आलेला त्सुनोडा २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये गेला. त्याच शर्यतीत अठरावा आलेला मिक शूमाखर हाही गेला, कारण संपूर्ण हंगामाचे अजिंक्यपद २१५ गुणांसह त्याने मिळविले होते. विजेता दारूवाला मात्र फॉर्म्युला टूमध्येच राहिला.

गुणपत्रिकेचे गूढ

यात अन्याय झाला असे म्हणण्याची घाई करता येणार नाही. एका दिवसाचा विजय म्हणजे वर्षाचा निकाल नव्हे. त्या हंगामात दारूवालाचे एकंदर गुण ७२ आणि क्रमांक बारावा होता. त्सुनोडाचे गुण होते २०० आणि क्रमांक तिसरा. विशेष म्हणजे हे दोघेही एकाच, म्हणजे कार्लिन या ब्रिटिश संघाचे चालक. गाडी एक, संघ एक, तरीही एवढा फरक. तेव्हा चालकाच्या कौशल्याला काही मोल नाही, सारा पैशाचा खेळ आहे, असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्याला ही गुणपत्रिका साथ देत नाही.

तथापि तीच गुणपत्रिका आणखी खाली वाचीत गेले की दुसरी बाजू दिसू लागते. २०१ गुण मिळवून दुसरा आलेला कॅलम आयलट याला २०२१ च्या हंगामात फॉर्म्युला वनमध्ये कायमचे आसन मिळाले नाही. १६४ गुणांनी पाचवा आलेला निकिता माझेपिन याला ते मिळाले. त्याच्या वडिलांशी संबंधित असलेली उरलकाली ही रशियन खत कंपनी त्या वर्षी त्याच संघाची प्रमुख पुरस्कर्ती होती. २०२१ चा फॉर्म्युला टू विजेता ऑस्कर पियास्त्री याला पुढील संपूर्ण वर्ष बाहेर बसून काढावे लागले. त्याच वर्षी तिसरा आलेला चीनचा झोउ ग्वानयू मात्र लगेच वर गेला. त्या काळी सर्वोच्च श्रेणीत संघ दहा आणि आसने वीस होती. शिवाय प्रवेशासाठी लागणारा परवाना तीन हंगामांत चाळीस अर्हतागुण मिळविणाऱ्यालाच मिळतो. गुण हे दाराशी नेऊन उभे करतात. दार उघडण्यासाठी आसन रिकामे असावे लागते आणि पाठीशी कोणी तरी असावे लागते.

दारूवालाने प्रयत्न सोडले नाहीत. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत तो सातवा आला. २०२२ मध्ये मोंझा येथील मुख्य शर्यत त्याने जिंकली. त्याच वर्षी मॅक्लारेनने आपली फॉर्म्युला वनची गाडी त्याला सिल्व्हरस्टोन येथे चाचणीसाठी चालवावयास दिली. पुढे तो विजेवर चालणाऱ्या एकासनी गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेराटी संघाकडून एक हंगाम धावला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरण्याचा योग मात्र आला नाही.

त्या रविवारचा दुसरा निकाल याहून बोलका आहे. लुईस हॅमिल्टनला करोनाची बाधा झाल्यामुळे मर्सिडीजच्या गाडीत जॉर्ज रसेल या तरुणाला बसविण्यात आले. तो विजयाच्या दिशेने चालला असता चाके बदलताना यंत्रज्ञांच्या हातून दोन गाड्यांच्या टायरांची अदलाबदल झाली. रसेलला पुन्हा थांबावे लागले. पुढे टायर पंक्चर झाला आणि तो नववा आला. पहिल्याच फेरीत गिरकी खाऊन शेवटच्या स्थानावर गेलेला मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ शर्यत जिंकला. त्याच्या १९० व्या शर्यतीतील हा पहिला विजय. पुढल्या हंगामासाठी त्याला त्या दिवशी कोणत्याही संघात जागा नव्हती. पुढे दोन आठवड्यांच्या आत रेड बुल संघाने त्याला करारबद्ध केले.

पेरेझचा संघ म्हणजे पूर्वीचा ‘फोर्स इंडिया’. भारतीय मालकीचा हा संघ २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारात जाऊन कॅनडातील धनिकांच्या हाती गेला होता. याच फोर्स इंडियाने २०११ मध्ये देशभर शोध घेऊन जी तीन मुले निवडली, त्यांतील एक जेहान दारूवाला. शोधलेला मुलगा आणि शोधणारा संघ एकाच मैदानावर, एकाच दिवशी जिंकले. परंतु तोवर संघ भारताचा राहिला नव्हता. निकालाच्या चौकटीत हा तपशील कोठेच छापला जात नाही.

कापसाच्या भावात हिशेब

या खेळाला लागणारा पैसा किती, याची कल्पना यवतमाळच्या वाचकाला त्याच्याच मापाने दिलेली बरी. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च जाणकार वीस ते तीस लाख युरोंच्या घरात सांगतात. खालचा आकडा धरला तरी तो सुमारे वीस कोटी रुपये होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावाने वीस कोटी रुपये म्हणजे सुमारे २४,६०० क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत एकरी सात क्विंटल पीक आले असे मानले, तर साडेतीन हजार एकरांचे सारे उत्पन्न. आणि ही झाली एका चालकाची, एका वर्षाची, तीही दुसऱ्या श्रेणीची फी. त्याआधीची कार्टिंगची वर्षे, खालच्या श्रेणी आणि परदेशातील वास्तव्य यांचा खर्च निराळाच.

एवढा आकडा ऐकल्यावर विषय येथेच संपला, असे वाटणे साहजिक आहे. हा श्रीमंतांचा छंद, त्याच्याशी कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या जिल्ह्याचा काय संबंध? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तेथे मोटार-शर्यतींचे गुणगान करीत बसणे हा शुद्ध अविचार ठरेल. परंतु पैसा हे जर या खेळाचे एकमेव मूळ असते, तर ज्या ज्या ठिकाणी पैसा ओतला गेला त्या त्या ठिकाणी तो रुजावयास हवा होता. भारताचा अनुभव तसा नाही.

पैसा ओतला, मुळे धरली नाहीत

दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा भव्य मार्ग बांधण्यात आला. तेथे ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, आणि तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्यानंतर ही शर्यत भारतात झालेली नाही. करआकारणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि हा खेळ की करमणूक, या प्रश्नाचा घोळ सरकारी कागदांवर होत राहिला.

दुसरे उदाहरण यवतमाळला अधिक जवळचे. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादमार्गे हैदराबादला पोहोचतो. पांढरकवड्याहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील त्या शहरात हुसेन सागराच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ई मालिकेची भारतातील पहिली शर्यत झाली. फ्रान्सचा जाँ-एरिक वेर्न पहिला, न्यूझीलंडचा निक कॅसिडी दुसरा आणि पोर्तुगालचा अंतोनियो फेलिक्स दा कोस्टा तिसरा, असा तिचा निकाल लागला. मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ या मालिकेत तिच्या आरंभापासून, म्हणजे २०१४ पासून आहे. त्याचा पहिला विजय जून २०१७ मध्ये बर्लिन येथे नोंदला गेला. परंतु हैदराबादची दुसरी शर्यत झालीच नाही. राज्यात सत्तांतर झाले आणि २०२४ ची शर्यत रद्द करण्यात आली. रस्ते पूर्ववत झाले, प्रेक्षकांचे मंच उतरविले गेले.

उत्सव भरविणे आणि परंपरा निर्माण करणे, या दोन गोष्टींत महदंतर आहे. उत्सवाला पैसा आणि परवानगी पुरते. परंपरेला कार्यशाळा लागतात.

सूत, माग आणि इंजिन

ही परंपरा भारतात ज्या गावी निर्माण झाली ते कोइंबतूर. ‘दक्षिणेचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे हे कापड-गिरण्यांचे शहर. गिरण्यांना यंत्रे लागतात, यंत्रांना सुटे भाग लागतात, सुट्या भागांना लेथवर बसणारा कारागीर लागतो. त्या गरजेतून तेथे ओतशाळा आल्या, पंप आणि विजेच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९५१ साली पीएसजी तंत्रमहाविद्यालय निघाले आणि १९६२ साली लक्ष्मी मशीन वर्क्स हा सूतकताईची यंत्रे बनविणारा कारखाना उभा राहिला. याच वातावरणात गिरणी-उद्योगाशी निगडित घराण्यातील एस. करिवर्धन यांनी एकासनी शर्यतीच्या गाड्या स्वतः बांधावयास घेतल्या. मारुती ८०० या घरोघरच्या मोटारीचे इंजिन वापरून त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त गाडी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. परदेशी गाडी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या तरुणांना शर्यतीचे दार तिने उघडून दिले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान-अपघातात गेले. कोइंबतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे हा मार्ग त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्याच फॉर्म्युला मारुतीत बसून कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयनने सुरुवात केली आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक झाला. त्याचा सर्वोत्तम निकालही चौकटीबाहेर वाचण्यासारखा आहे. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे तो चौथा आला आणि या श्रेणीत गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला. परंतु त्या दिवशी मिशेलिन टायर असुरक्षित ठरल्यामुळे चौदा गाड्या आरंभापूर्वीच मागे फिरल्या होत्या. शर्यत सहा गाड्यांचीच झाली. म्हणून त्या चौथ्या क्रमांकाचे मोल शून्य ठरत नाही. ज्याची तयारी पुरी असते आणि जो रेषेवर उभा असतो, त्यालाच अशा संधीचा लाभ होतो. रेषेवर उभे राहता येणे, हाच अर्धा विजय असतो.

कापसापासून इंजिनापर्यंतचा हा प्रवास एकट्या कोइंबतूरचा नाही. साखीरला दुसरा आलेला त्सुनोडा हा होंडा कंपनीच्या सुझुका येथील शाळेत तयार झालेला चालक. होंडाचा उगम हामामात्सु परिसरातील लहान कार्यशाळेतून झाला आणि कंपनीने स्वतःचा सुझुका मार्ग १९६२ मध्येच बांधला. त्याच हामामात्सु परिसरात १९०९ साली सुरू झालेली सुझुकी ही मुळात विणकामाचे माग बनविणारी कंपनी. टोयोटाचा जन्मही १९२६ साली स्थापन झालेल्या स्वयंचलित मागांच्या कारखान्यातून झाला. ज्या मारुती ८०० च्या इंजिनावर भारताची स्वस्त शर्यतगाडी धावली, ते इंजिन एका माग बनविणाऱ्याच्या वारसाचे होते. माग दुरुस्त करणाऱ्या हातांनीच पुढे इंजिने बांधली, इंजिने बांधणाऱ्यांनी शर्यती भरविल्या आणि शर्यतींतून त्सुनोडासारखे चालक निघाले.

या कहाणीत यवतमाळ कोठे बसते? अगदी पहिल्या पानावर, आणि दुर्दैवाने पहिल्याच पानावर. १८९३ साली मुंबई-कोबे ही जहाजसेवा सुरू झाली ती प्रामुख्याने हिंदी कापूस जपानला नेण्यासाठी. यवतमाळचा कापूस ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अरुंद रुळांच्या गाडीने मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईच्या बंदराकडे जात असे. जिल्ह्यात सरकी काढणारे जिनिंग आणि गठाणी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने आले. त्यापुढची सूत, कापड, माग, लेथ आणि इंजिन ही सारी पायरी-परंपरा मात्र अन्यत्र फुलली. पांढरे सोने पिकविणाऱ्या जिल्ह्याने गठाण पाठविली आणि तयार माल विकत आणला. शर्यतीच्या निकालपत्रात यवतमाळचे नाव नसण्याचे कारण येथील तरुणांच्या अंगात वेग नाही, धाडस नाही, हे नव्हे. गठाण जिल्ह्याच्या वेशीबाहेर पडली तेव्हाच तिच्यामागची विद्याही बाहेर पडली, हे त्याचे खरे कारण आहे.

आवाक्यातील शर्यत

मग यवतमाळने करावे काय? जिल्ह्यात शर्यतीचा मार्ग बांधावा, अशी सूचना करणे हास्यास्पद होईल. परंतु एकासनी मोटारींच्या जगात एक शर्यत अशी आहे की तिचे आरंभरेषेपर्यंतचे अंतर वीस कोटींचे नाही. ती विद्यार्थ्यांची आहे. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फॉर्म्युला एसएई’ या स्पर्धेतून जगभर ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या नावाने तिचा विस्तार झाला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकासनी गाडी स्वतः आखावयाची, स्वतः बांधावयाची आणि स्वतः चालवावयाची, हा तिचा नियम. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी विजेवर चालणारी गाडी बांधून इंग्लंडमधील स्पर्धेत भाग घेतला आहे.

या स्पर्धेची गुणपद्धती शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. एकूण गुण हजार. त्यांपैकी १५० गुण गाडीच्या आराखड्याचे, १०० गुण खर्चाच्या हिशेबाचे आणि ७५ गुण व्यावसायिक योजनेचे. म्हणजे गाडीचे चाक फिरण्याच्या आधीच ३२५ गुणांचा निकाल लागलेला असतो. परीक्षक विद्यार्थ्याला विचारतात की हा सांधा असाच का जोडला, हा धातू का निवडला, याला किती पैसे पडले, याहून स्वस्तात झाले असते काय. त्यानंतरच वेग, वळण आणि सुमारे बावीस किलोमीटरची दमाची शर्यत येते. त्या दमाच्या शर्यतीत अर्ध्यावर चालक बदलावा लागतो. एकाच आसनाची गाडी, पण ती एकट्याची नव्हे, हा धडा नियमातच गोवलेला आहे.

यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि त्यांतून जोडारी, वेल्डर, कातारी तयार होतात. दारव्हा-पुसदपासून वणी-पांढरकवड्यापर्यंतच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांतून असे कारागीर बसलेले आहेत की जे इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतात. या तिघांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. पदवीच्या विद्यार्थ्याला सूत्र येते पण पाना धरता येत नाही. प्रशिक्षण संस्थेतील मुलाला पाना धरता येतो पण आराखडा त्याच्यासमोर कधी येत नाही. गॅरेजमधील मिस्त्रीला दोन्हीतील मर्म कळते पण त्याला कोणी विचारीत नाही. एकासनी गाडी बांधावयाची तर या तिघांना एका छपराखाली यावेच लागते. गाडी हे निमित्त. खरा लाभ त्या एकत्र येण्यात आहे, कारण त्याच छपराखाली उद्या कापूस वेचण्याचे एखादे सोयीचे यंत्र किंवा पऱ्हाट्या कापून बारीक करण्याचे स्वस्त यंत्रही आकार घेऊ शकते.

अर्थात यालाही पैसा लागतो. परंतु तो काही लाखांत मोजता येण्याजोगा आहे, आणि गाडी मोडीत गेली तरी तो वाया जात नाही. कारण त्यातून शिकलेली पंचवीस-तीस मुले जिल्ह्याच्या हाती राहतात. गावोगावच्या सोहळ्यांवर, मंडपांवर आणि बक्षिसांवर होणाऱ्या खर्चाकडे पाहिले, तर एवढा भार उचलणारे दाते, सहकारी संस्था आणि बाजार समित्या जिल्ह्यात नाहीत असे कोण म्हणेल? अडचण पैशाहून अधिक दृष्टीची आहे. गुणपत्रिकेवरील टक्के आणि निकालपत्रातील पहिला क्रमांक यांपलीकडे पाहण्याची सवय शाळा-महाविद्यालयांनी लावलेली नाही. प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची पाहून भरणारा विद्यार्थी आणि ती न पाहता सही करणारा अध्यापक यांच्याकडून कोइंबतूर घडणार नाही.

उद्या यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाची गाडी अशा स्पर्धेत उतरली, तर ती बहुधा मागेच राहील. कदाचित दमाची शर्यत पुरी करण्याआधीच बंद पडेल. वर्तमानपत्राच्या चौकटीत तिला जागा मिळणार नाही. तरीही तो निकाल या जिल्ह्याच्या दृष्टीने साखीरच्या विजयाहून मोठा असेल. मुंबईच्या एका तरुणाने साखीरला राष्ट्रगीत वाजविले ते परदेशी गाडीत आणि परदेशी संघात बसून, स्वतःच्या कौशल्यावर. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र तेथवर जाण्याची वाट त्याच्यासाठी परक्या कार्यशाळांतून गेली होती, हेही विसरू नये. ज्या दिवशी यवतमाळच्या मुलांनी जोडलेले इंजिन यवतमाळच्या मुलीच्या हाती सुरू होऊन शर्यतीची एक फेरी पुरी करील, त्या दिवशी गठाणीबरोबर वेशीबाहेर गेलेल्या विद्येचा एक धागा परत आला असे म्हणता येईल. तिचा क्रमांक कितवा आला, हा प्रश्न त्यानंतरचा.